कोरड्या हातांच्या साळवीबाई

आमच्या वर्कशॉपमध्ये वाइंडिंगच्या, म्हणजे तार गुंडाळायच्या, कामासाठी कोणी बाई आली की तिचं शिक्षण विचारायची पद्धत नव्हती. साळवीबाई तिच्या तळहातावर कागदाची एक पट्टी ठेवायच्या, मूठ मिटायला लावायच्या आणि सांगायच्या, जा, फणसाखाली बसून ये जरा. बाहेर मे महिन्याचा कातळ तापलेला असायचा आणि हवा अशी की उभ्या जागी माणूस निथळेल. थोड्या वेळाने बाई हाक मारायच्या आणि मूठ उघडायला लावायच्या. पट्टी कोरडी निघाली तर उद्यापासून कामावर, ओली निघाली तर चहा पिऊन घरी. चांगल्या हुशार पोरी चहा पिऊन घरी गेलेल्या मी पाहिल्यात.

मालकांनी बाईंनाही तसंच निवडलं होतं म्हणे. मालक इंजिनीअर होते, पण हाताखालची माणसं ते हात बघूनच घेत. बाईंची पट्टी इतकी कोरडी निघाली की मालकांनी तीच पुन्हा मुठीत ठेवायला लावली. त्यांना वाटलं, बाईने मूठ उघडी ठेवली असणार. तेव्हापासून बाई तिथेच होत्या. मी स्टोअर सांभाळायचो. माझे हात त्यांनी एकदाच बघितले आणि त्यानंतर वाइंडिंगच्या खोलीचा उंबरा मला कधी ओलांडू दिला नाही. जे काय द्यायचं-घ्यायचं ते दारातून. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

आता हे हाताचं एवढं कौतुक कशाला, ते सांगायला हवं. रस्त्याकडेला गुणगुणणारी ती लोखंडी पेटी, ट्रान्सफॉर्मर, तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइली, असतात. त्या तारेवर कागद गुंडाळलेला असतो आणि हे सगळं तेलात बुडवलेलं असतं. वीज एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात उडी मारत नाही ती केवळ त्या कागदामुळे. कागद गेला की सगळं गेलं. घामात मीठ असतं, ओल असते, आणि दोन्ही कागदाच्या मुळावर येतात. आमच्याकडे जळके ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला येत, तार नव्याने गुंडाळली जाई, आणि कागदाचा प्रत्येक वेढा साळवीबाईंच्या नजरेखालून जाई.

नजर म्हणजे कसली, जाचच तो. डोक्याला तेल लावून यायचं नाही, गजरा नाही, बाम नाही. आंब्याच्या दिवसांत तर दारात साबण ठेवलेला असे. एकदा मालक स्वतः हापूस चोखून आले आणि कॉइलवरून प्रेमाने बोट फिरवायला गेले. बाईंनी त्यांना मनगटाला धरून बाहेर काढलं. सगळ्या पोरी खाली माना घालून हसत होत्या. मालकही हसले, पण पुन्हा आंबा खाऊन आत गेले नाहीत.

बाई स्वभावाने फटकळ होत्या. लाजाळूपणा, नम्रपणा असली भानगड त्यांच्याकडे नव्हती. आपलं काम जिल्ह्यात सगळ्यांत चांगलं आहे हे त्या येईल त्याला ऐकवत. माझी कॉइल परत आलेली दाखवा आणि माझी नथ घेऊन जा, असं म्हणत. नवरा मुंबईला एका हॉटेलात आचारी, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. एखादी पोर घाईघाईने पट्टी गुंडाळायला लागली की बाई म्हणायच्या, "सावकाश गो, तुझा नवरा पण मुंबईलाच हाय, पळून नाय जात." वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि पोरी वर्षानुवर्षं हसत.

संगमेश्वराकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरात त्यांचा जन्म. तिथला एक रिवाज त्यांनी वर्कशॉपमध्ये आणला होता, आणि पुढचं सगळं त्या रिवाजामुळे घडलं. भाताची कणगी कधी रिकामी करायची नाही. नवं भात आलं तरी तळाशी थोडं जुनं ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. कणगीचा तळ दिसला की घर बसलं, असं त्यांची आई म्हणायची. आमच्या आवारात तेलाची मोठी टाकी होती. तेल निम्म्यावर आलं की बाई माझ्या मागे लागत, गाडी मागव, गाडी मागव. नवं तेल आलं की ते उरलेल्या जुन्यावर चढायचं. टाकी पूर्ण उपसून धुवायची वेळ कधी आलीच नाही. मालकांना हे माहीत होतं, त्यांनाही त्यात गैर वाटलं नाही. तेल तपासल्याशिवाय टाकीत जातच नसे. ओल बघायची, आंबटपणा बघायचा, वीज सोडून ते किती सोसतं ते बघायचं. शिवाय बाई बाटली खिडकीपाशी धरून उजेडात बघत, वास घेत, आणि मगच मान हलवत. आमच्या टाकीची आम्हाला घमेंड होती म्हणा ना.

दुरुस्त झालेला ट्रान्सफॉर्मर टेम्पोवर चढला की बाई न्यायला आलेल्या ऑपरेटरला बाजूला घेत. लेक सासरी धाडताना जावयाला सांगावं तसं सांगत. लोड हळूहळू चढव. तेलाची पातळी बघ. आणि मुख्य म्हणजे, चालू केल्यावर जवळ जा, कान दे, आवाज कसा येतो ते ऐक. एकसारखा आला तर बरी आहे. मध्येच खरखरला तर मला फोन कर. लांबून बटण दाबून चहाला जाणाऱ्या ऑपरेटरांवर त्यांचा भारी राग.

हे मनावर घेणारा एकच निघाला. नाझीम. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. तिथला ट्रान्सफॉर्मर जळला होता, तो बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत नवा करून दिला. न्यायला आला तेव्हा नाझीमने बाईंसाठी सुक्या बोंबलांची जुडी आणली आणि ती घेऊन सरळ वाइंडिंगच्या दारात उभा राहिला. बाईंनी त्याला असा झाडला की बोंबील माझ्या स्टोअरमध्ये येऊन पडले. संध्याकाळी घरी जाताना मात्र बाई न विसरता घेऊन गेल्या. मला एक दिला नाही.

नाझीम अधूनमधून फोन करायचा. फोन माझ्या टेबलावर, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. तो म्हणायचा, बाई, तुमची लेक बरी आहे. बाई विचारायच्या, सासरी काम फार आहे का रे? तो सांगायचा, होड्या सुटल्या, बर्फ पुरत नाही, रात्रंदिवस राबतेय बिचारी. तो तिला फडक्याने पुसायचा, खाऱ्या वाऱ्याने गंज चढू नये म्हणून रंग लावायचा, आणि रोज चालू केल्यावर जवळ जाऊन कान द्यायचा. बाई आम्हाला सांगत, ऑपरेटर असावा तर असा.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, मासेमारीचा जोर होता. दुपारी बातमी आली की बर्फाच्या कारखान्यात स्फोट झाला. वीज जाऊन आली होती. नाझीमने ट्रान्सफॉर्मर चालू केला आणि तो आवाज ऐकायला जवळ गेला. तेवढ्यात आत काहीतरी जोडलं गेलं, ट्रान्सफॉर्मरची पेटी फाटली आणि पेटतं तेल बाहेर आलं. नाझीमला कोल्हापूरला हलवलं, तिथे तो गेला. बर्फाच्या लाद्या उचलणारा एक गडी वाटेत उभा होता, त्याचा चेहरा जळला. तो वाचला, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पहिले काही दिवस लोक म्हणाले, वीज पडली. मग कारखान्यातून वेगळं ऐकू येऊ लागलं. नाझीमने दोन्ही कॉम्प्रेसर एकदम लावले. नाझीमने घाई केली. नाहीतर तो ट्रान्सफॉर्मरपाशी मरायला गेला कशाला? मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे हे फार लवकर खरं ठरलं. भाजलेल्या गड्याची बायको नाझीमच्या आईला, हलीमाबीला, भर बाजारात म्हणाली की तुझ्या पोराने माझ्या माणसाचं तोंड जाळलं. त्यानंतर हलीमाबी बंदरावर दिसेनाशी झाली. जन्मभर तिथे मासे घेतलेली बाई, शेजारणीकडून काय ते मागवू लागली.

जळका ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे आला. आत तीन कॉइली असतात, त्यांतली एक पार वितळली होती, दुसरीही गेली होती, तिसरी बरीचशी शाबूत होती. पोरी म्हणाल्या, हिला कशाला हात लावायचा, ही तर चांगली आहे. बाईंनी मात्र ती टेबलावर घेतली आणि वरच्या टोकाकडून कागद उलगडायला सुरुवात केली. बाहेरचा थर चांगला होता, तेलात मुरून तपकिरी झालेला, व्हायला हवा तसाच. त्याखालचा थर करडा. त्याखालचा आणखी काळा. तांब्याला लागून असलेला थर तर काळाभोर, आणि उजेडात धरला की चकाकत होता. मी दारातून बघत होतो. बाईंनी त्या पट्टीला मीटर लावला. कागदातून वीज जात नाही, त्याचसाठी तर तो असतो. त्या कागदातून वीज जात होती.

मालकांना बोलावलं. त्यांनी पट्टी बघितली आणि खुर्ची ओढून बसले. त्यांना कळलं होतं. काही तेलांत एका जातीचं गंधक असतं, त्यांनी सांगितलं. तेल दिसायला स्वच्छ असतं, वासाला बरं असतं, आपल्या नेहमीच्या चाचण्यांत पास होतं. पण ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस गरम राहिला की ते गंधक तांबं खातं, आणि ते खाल्लेलं तांबं हळूहळू कागदात उतरतं. एक दिवस कागद कागद राहत नाही. बाहेरून काही कळत नाही. आवाजसुद्धा बदलत नाही.

शेवटचं वाक्य ऐकून बाईंनी मान वर केली. आवाजसुद्धा नाही का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मालक नाही म्हणाले.

आमच्या टाकीतलं तेल मुंबईला एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे तांब्याची घासलेली पट्टी त्या तेलात घालून तापवत ठेवतात. पट्टी काळी पडली, असा फोन आला. मालक डोक्याला हात लावून म्हणाले, कुठल्या गाडीतून हे आलं ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खरंच होतं. टाकी कधी उपसलीच नव्हती. एखाद्या वर्षी वाईट तेल आलं असेल, ते तळाशी राहिलं, त्यावर नवं आलं, त्यात मिसळलं, मग त्यावर आणखी नवं. चांगलं तेल येत गेलं आणि बाटत गेलं. त्या टाकीतून भरलेले ट्रान्सफॉर्मर जिल्हाभर पसरले होते.

मालकांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्यापुढे वर्कशॉपवर पोट असलेली आम्ही सगळी माणसं होतो. ते म्हणाले, तेलात घालायचं एक औषध मिळतं, ते मागवतो, बाहेर गेलेल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमध्ये देखभालीच्या नावाखाली घालून येऊ. पुढचं नुकसान थांबेल. झालेलं मात्र भरून येणार नाही. आणि नाझीमचं काय ते आता झालं, बोलून तो परत येणार आहे का? टाकीबद्दल बाहेर कुठे वाच्यता नको. बाई एवढंच म्हणाल्या, "त्याला जवळ जायला मी सांगितलं होतं."

मी स्टोअरमध्ये जाऊन औषधाची ऑर्डर लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या स्टोअरमध्ये आल्या. त्या सहसा येत नसत, माझ्याकडे धूळ फार, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणाल्या, स्कूटर काढ, हलीमाबीकडे जायचंय. मी म्हटलं, मालकांना कळलं तर? त्या म्हणाल्या, कळू दे की, त्यांना सांगूनच आलेय. मला वाटलं होतं, वाटेत मागून काहीतरी टोमणा मारतील माझ्या स्कूटर चालवण्यावर. नेहमी मारायच्या.

हलीमाबी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने बाईंना ओळखलं नाही. बाई उभ्यानेच सांगायला लागल्या. मी कोण, ट्रान्सफॉर्मर कुठे भरला, तेल कुठलं, कागद कसा काळा पडला, सगळं. फार बोलल्या, भराभर बोलल्या, हलीमाबीला त्यातलं निम्मंही कळलं नसेल. मग बाईंनी मूठ पुढे केली आणि उघडली. त्या काळ्या कागदाची पट्टी त्यांनी आणली होती. ती भिजून तळहाताला चिकटली होती. तेल नव्हतं ते. पावसाची उघडीप होती, गार वारा सुटला होता, आणि साळवीबाईंच्या तळहातावर घाम डबडबला होता. त्यांनाही ते दिसलं. हात मागे घ्यावा की पुढे ठेवावा हे त्यांना समजेना.

हलीमाबीने ती पट्टी सोडवून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि खाली सुपात ठेवली. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. मग ती म्हणाली, "बाय, पोराला मी पण बोलले. दवाखान्यात. एवढी घाई कशाला केलीस, म्हणून. तो नाय म्हणत होता मानेने. मला वाटलं, दुखतंय म्हणून मान हलवतोय."

बाई तिच्या शेजारी ओटीवर बसल्या. मी बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभा राहिलो. काय करणार होतो?

निघताना हलीमाबीने एकच मागितलं. मला सांगितलंस ते बंदरावर सांग. सगळ्यांसमोर.

बाईंनी सांगितलं. त्याच संध्याकाळी, लिलाव चालू असताना. माशांच्या ढिगांमध्ये, ओल्या फरशीवर, टोपल्या उचलणाऱ्या माणसांच्या गर्दीत उभ्या राहून. त्यांचा आवाज मुळातच मोठा, वाइंडिंगच्या मशीनवरून पोरींना ओरडून तयार झालेला. नाझीमची चूक नव्हती, त्याने काहीही चुकीचं केलं नाही, तेल आमचं खराब होतं आणि त्याला ट्रान्सफॉर्मरजवळ जायला मी शिकवलं होतं. कोणीतरी म्हणालं, जा बाई घरी. भाजलेल्या गड्याची बायको तिथेच टोपली घेऊन उभी होती. ती बाईंच्या अंगावर धावून आली, दोघांनी तिला धरलं. बाई हलल्या नाहीत. पुढे आली असती तर मार खाल्ला असता त्यांनी, मला खात्री आहे. मग लिलाव पुन्हा सुरू झाला. हलीमाबी पदर डोक्यावर घेऊन कडेला उभी होती. थोड्या वेळाने ती एका बांगड्याच्या वाट्यापाशी वाकली आणि भाव विचारू लागली.

वर्कशॉपचं काम महिन्याभरात आटलं. मालकांनी बाईंना येऊ नका असं सांगितलं, तेही मान खाली घालून. औषध मात्र त्यांनी मागवलं आणि जमेल तिथे घातलं, हे सांगायला हवं. बाईंनी जाण्याआधी टाकी रिकामी करायची परवानगी मागितली. तेल उपसलं, मग झाकण उघडून त्या आत उतरल्या. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे घेऊन दिवसभर आत पुसत होत्या. मी वरून तुकडे देत होतो आणि काळे झालेले बाहेर काढत होतो. शेवटी आतून हाक आली, बघ रे. मी वाकून बघितलं. पत्र्याचा तळ लखलखत होता आणि मधोमध बाई बसल्या होत्या. त्यांच्या आईचं म्हणणं मला आठवलं, त्यांनाही आठवलं असणार. मी हात दिला, त्या वर आल्या. हात धुऊन घरी गेल्या.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. हेदवीच्या गणपतीला निघालो होतो, जयगडहून फेरीबोटीने पलीकडे उतरून. वाटेत एक काजूचा कारखाना लागतो. त्याच्या फाटकापाशी बाई उभ्या होत्या, पायात चपला, खांद्याला पिशवी, एसटीने आलेल्या. त्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे भरलेला होता, ते मला माहीत होतं. मी गाडी थांबवली. इकडे कुठे, असं विचारलं. म्हणाल्या, लेकी सासरी बऱ्या आहेत का बघत फिरते. तेवढं म्हणून हसल्या नाहीत.

वीज गेलेली होती आणि तेवढ्यात आली. आतला ऑपरेटर, चांगला धट्टाकट्टा माणूस, ट्रान्सफॉर्मर चालू करायला निघाला. बाई फाटकातून आत शिरल्या. त्याला म्हणाल्या, चालू करायचं ते भिंतीमागून, आणि नंतर जवळ जायचं नाही, आवाज ऐकायचा नाही. तो म्हणाला, मावशी, हा न्यायला आलो तेव्हा तुम्हीच तर म्हणाला होतात, जवळ जाऊन ऐक. बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत भिंतीमागे नेलं. त्याने खटका वर केला. पलीकडे गुणगुण सुरू झाली, एकसारखी, बाईंना आवडायची तशी. झालं की मावशी, म्हणून तो हसत हात सोडवायला लागला.

बाई सोडत नव्हत्या. मी गाडी सुरू करून निघालो तरी त्यांनी त्याला धरूनच ठेवलेलं मला आरशात दिसत होतं.